फागूचा वाटा

ईशान, गणित नको म्हणून तुला समुद्रावर काम करायचे आहे, असे तुझी आई परवा फोनवर सांगत होती. ती हसत होती, पण तू ते मनापासून म्हणाला असशील. जहाजाच्या कप्तानाला दिवसभर हिशेबच करावा लागतो, हे तुला कोणीतरी सांगेलच. पण जाळी दुरुस्त करणारे, दोर ओढणारे, होडी वल्हवणारे, मासे वाळवणारे असे पुष्कळ लोक पाण्याच्या आधाराने जगतात, आणि त्यांच्यातले काही तुझ्यासारखेच आकड्यांपासून पळून तिथे आलेले असतात. असा एक माणूस मी जवळून पाहिला. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याचे नाव डोमाजी. तू आणि मीरा, माझ्या दोन्ही नातवंडांनी वाचावे म्हणून त्याच्याविषयी लिहिते आहे. यातून काय घ्यायचे ते सांगणार नाही. मलाच ते अजून नीट ठरवता आलेले नाही.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची बदली नवेगाव बांधला झाली. आता ते गाव गोंदिया जिल्ह्यात येते, तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदियाहून छोट्या गाडीने यायचे आणि पुढे बैलगाडीने. आमचा सरकारी बंगला तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे मातीच्या मोठ्या बांधाजवळ होता. तलाव जुना आणि इतका मोठा, की पलीकडचा काठ उन्हाळ्यात धुरकट रेघेसारखा दिसे. तिन्ही बाजूंना डोंगर आणि जंगल, खाली धानाची शेते. पाळीच्या एका टोकाला ढिवरांची, म्हणजे मासेमारांची वस्ती होती. डोमाजी तिथला.

पहिल्यांदा तो मासे घेऊन बंगल्यावर आला तेव्हा मी त्याला सवयीप्रमाणे प्रश्न विचारले. किती मासे आहेत, वय किती, मुले किती. माशांची टोपली त्याने पुढे सरकवली आणि म्हणाला, पाहा. वय विचारले तर पाळीवरच्या एका मोहाच्या झाडाकडे बोट केले. ते त्याच्या बापाने लावले तेव्हा तो रांगत होता. मुलांची मात्र त्याने एकेक नावे सांगितली, सावकाश, प्रत्येक नावानंतर थोडे थांबून. त्यातली दोन मुले जिवंत नव्हती हे मला फार उशिरा कळले. त्याने ती वेगळी काढून सांगितली नव्हती.

तो काटक होता, काळा, उंच, आणि एका खांद्याने थोडा झुकलेला. दोर ओढून ओढून तो खांदा तसा झाला होता. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे इतके निरखून पाहायचा की नव्या माणसाला अवघडल्यासारखे होई. विडी ओढायचा नाही. आकड्यांविषयी त्याला नुसता कंटाळा नव्हता, भीती होती. तरुणपणी तो दरेकशाकडे जंगलाच्या कामावर गेला होता. तिथे बांबूच्या मोळ्या मोजून सांगायचे काम त्याच्याकडे आले. रोज संध्याकाळी मुनशी आकडा विचारी, रोज तो चुके, आणि एक दिवस मुनशीने सगळ्या मजुरांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. त्याच पावली तो गावाकडे निघाला. इतके अंतर चालत आल्यावर घरी न जाता आधी तलावात उतरला, असे त्याची म्हातारी बायको सांगायची. तिला सगळे बुढी म्हणत. "पान्यात गेला अन् बसून राहिला," ती म्हणायची. "म्हशीसारखा."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे मला वाटे की न येणारी गोष्ट शिकवली की येते. मी त्याला शिंगाड्यांवर मोजणे शिकवायला बसले. तो नम्रपणे ऐके. थोडे पुढे गेला की हातातला शिंगाडा कोणत्या कोपऱ्यातल्या वेलाचा असेल ते सांगू लागे आणि आमची उजळणी तिथेच बुडे. शेवटी मीच कंटाळले, तेव्हा तो मला समजावल्यासारखे म्हणाला, "मोजलं का मानूस दिसत नाही, बाईसाहेब. आकडाच दिसते."

तुमच्या आजोबांनाही त्याचे भले करायची हुक्की आली. तलावाच्या मोरीजवळ, पाणी सोडायच्या दारापाशी, पातळी बघायला एक रंगवलेली पट्टी रोवलेली होती. रोज सकाळी तिच्यावरचा आकडा पाहून चौकीदाराला सांगायचा, एवढेच काम, आणि त्यासाठी महिन्याचा पगार व खाकी कोट. डोमाजीने कोट घातला. वस्तीतली पोरे मागे धावली, बुढीने कौतुकाने चुकून त्याला साहेब म्हटले. आठवडाही झाला नसेल, तो कोट घडी करून ओसरीवर ठेवून गेला. आजोबांनी कारण विचारले तर म्हणाला की त्या पट्टीमुळे त्याला सकाळी पाण्याकडे पाहायचे भय वाटू लागले आहे. आजोबा पुष्कळ हसले. पुढे पाहुण्यांना ते हा किस्सा नेहमी सांगत. काही काळानंतर त्यांनी तो सांगणे बंद केले.

मासे धरणाऱ्यांच्या टोळीत मात्र डोमाजीचा मान मोठा होता, आणि तो एका कामासाठी. मोठे जाळे डोंग्यातून, म्हणजे खोड कोरून केलेल्या होडीतून, पाण्यात सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर काठावरून ओढायचे, ही सगळ्यांची मेहनत. ओढून झाले की मासे काठावर ओतायचे आणि त्यांचे वाटे पाडायचे. वाटे पाडणारा डोमाजी. पळसाची पाने पसरून तो उकिडवा बसे. मोठा मासा या पानावर, दुसरा त्या पानावर, मग मधले, मग झिंगे ओंजळीने. पाने किती मांडायची हे तो मोजत नसे. दोराला माणसे ज्या क्रमाने उभी असत त्या क्रमाने तो मनातल्या मनात एकेकापुढे जाई आणि त्याच्यापुढे पान मांडी. मग उठून वाट्यांकडे पाठ करून उभा राही, तोंड पाण्याकडे. दशरथ नावाचा एक तरुण होता, टोळीत सगळ्यात तगडा आणि सगळ्यात तोंडाळ. तो काठीचे टोक एखाद्या वाट्याला लावून विचारी, "हा कोनाचा?" डोमाजी न बघता एक नाव घेई. ज्याचे नाव तो वाटा उचली. पुन्हा काठी, पुन्हा नाव. स्वतःचे नावही तो दुसऱ्या कोणाचे घ्यावे तसेच घेई. एकदा घेतलेले नाव फिरवायचे नाही, एवढा एकच नियम. लहान वाटा आला म्हणून कोणी कुरकुरलेले मी पाहिले नाही, कारण कुरकुरायचे कोणावर? आमच्या बंगल्याला लागणारे मासे मी तिथेच काठावर जाऊन घेई, आणि खरे सांगायचे तर ते वाटप बघायलाच जाई.

दोरावर डोमाजीच्या डाव्या अंगाला फागू उभा राही. तो नात्यातला नव्हता. लहानपणी बाप गेला आणि डोमाजीने त्याला दोरावर घेतला, तेव्हापासून ती जागा त्याची. आता तो मोठा बाप्या होता, त्याला सायत्रा नावाची बायको आणि अंगावर पिणारी मुलगी होती. दोघे शेजारी उभे राहून दोर ओढत, पण त्यांना एकमेकांशी बोलताना मी क्वचितच ऐकले.

वैशाखात एका दुपारी टोळी पलीकडच्या काठाची जाळी काढायला डोंगे घेऊन गेली होती. परत येताना वारे सुटले. आमच्याकडे वैशाखातले वारे डोंगरावरून धूळ घेऊन एकदम उतरते. पाणी तांबूस दिसू लागले आणि थोड्याच वेळात दिसेनासे झाले. डोंगे पांगले, ज्याला जिथे जमले तिथे तो काठाला लागला, आणि सगळे भिजलेले, ठेचकाळलेले, पाळीखालच्या मांडवात येऊन बसले. खात्याची एक मोठी नाव होती. आजोबा ती सोडायच्या तयारीने माणसे घेऊन तिथे गेले. मांडवात अंधारून आले होते. त्यांनी डोमाजीला विचारले, सगळे आले का? डोमाजीने बसलेल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "आले साहेब. सगळे आले."

आजोबांनी मोजले नाही. डोमाजीने सांगितल्यावर मोजायचे कारण नव्हते. नाव पुन्हा बांधून ठेवली गेली.

दिवेलागणीला सायत्रा मुलीला कडेवर घेऊन मांडवाशी आली आणि तिने विचारले, हे कुठं आहेत?

कंदील घेऊन शोधले, पण वारे पुरते पडले नव्हते. सकाळी फागूचा डोंगा पालथा सापडला आणि थोड्या अंतरावर, बेशरमाच्या झुडपांत, फागू. डोंग्याचा दोर त्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता आणि तळहाताची कातडी त्या दोराने सोलून निघाली होती. म्हणजे तो बराच वेळ धरून होता. किती वेळ, हे कोणी बोलून दाखवले नाही. पण ते हात सगळ्यांनी पाहिले. डोमाजीने पाहिले.

दशरथ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात राग कमी आणि रडू जास्त होते. "मोजाले काय जात होतं तुयं? काऊन नाही मोजलं, बुढ्या?"

डोमाजी फागूच्या हातांकडे पाहत होता. मग म्हणाला, "मी डाव्या अंगाले पाह्यलंच नाही. तो तिथं असतेच."

फागूचे दिवस झाले आणि टोळी पुन्हा पाण्यावर गेली. दोन्ही दोर ओढले गेले. डोमाजीच्या बाजूची जागा कोणी भरली नव्हती. मासे ओतले, डोमाजी बसला, पाने मांडली, वाटे पाडले आणि पाठ फिरवून उभा राहिला. दशरथ विचारत गेला, डोमाजी सांगत गेला. मधेच एका वाट्याला त्याने नाव घेतले, "फागूचा."

कोणी हलले नाही. दशरथची काठी तशीच टेकलेली राहिली. डोमाजी वळलाही नाही, पाण्याकडे बघत पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिला. शेवटी एका म्हाताऱ्याने तो वाटा उचलला आणि सायत्राच्या घरी नेऊन दिला, कारण घेतलेले नाव फिरवता येत नव्हते.

पहिल्या दिवशी ते जिभेच्या सवयीने झाले असेल, असे सगळ्यांनी धरले. पण पुढच्या वाटपात पुन्हा तेच झाले, आणि त्यापुढच्याही. फागूच्या घरात दोर ओढणारे कोणी उरले नव्हते. सायत्रा, तिची आंधळी सासू आणि मुलगी एवढ्यांचे पोट त्या वाट्यावर चालू राहिले. वाटा बंद झाला असता तर तिला सासूला मागे ठेवून माहेर गाठावे लागले असते. डोमाजीला ते माहीत होते, टोळीलाही माहीत होते. पण पावसाळा तोंडावर आला तसे जाळ्यात कमी येऊ लागले आणि लोक बोलू लागले. यात ते दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. दशरथच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ होती. मेलेला माणूस दोर ओढत नाही, असे तो उघड म्हणाला. शेवटी वस्तीतल्या जाणत्यांनी बसून ठरवले की पाने दोरावरच्या माणसांइतकीच मांडायची. डोमाजीला ते जमत नसेल तर वाटे दुसरा कोणी पाडेल. डोमाजीने होकारार्थी मान हलवली. सगळ्यांना हायसे वाटले.

त्यानंतरच्या वाटपाला मी काठावर होते. बंगल्यावर पाहुणे यायचे होते. मला वस्तू मोजायची खोड आहे, तुम्हांला ठाऊकच आहे. मी पाने मोजली आणि दोरावरची माणसे मोजली. दोन्ही बरोबर होती. डोमाजीने अखेर ऐकले म्हणून मला वाईट वाटले, आणि इतरांच्या चेहऱ्यांवरूनही तसेच दिसत होते. तो पाठ फिरवून उभा राहिला. काठी टेकत गेली, नावे येत गेली. दशरथचे नाव आले, त्याने वाटा उचलला. मग पुन्हा, "फागूचा."

दशरथने माझ्यासारखीच पाने मोजलेली असावीत. तो चिडून काही बोलणार होता, पण थांबला. पुढची नावे येत राहिली. शेवटचा वाटा उचलला गेला तेव्हा काठावर नुसती ओली माती होती आणि डोमाजीचे नाव आलेले नव्हते. तो वळला, हात झाडले, जाळे खांद्यावर टाकले आणि घराकडे निघाला. दशरथ त्याच्या मागे गेला आणि आपल्या टोपलीतला एक मासा पुढे धरला. डोमाजीने तो घेतला नाही. "नाव झालं," एवढेच म्हणाला.

तेव्हापासून तो रोज पहाटे दोरावर जाई, इतरांइतकेच ओढी, वाटे पाडी आणि रिकाम्या हाताने परत येई. बुढी त्याच्याशी भांडभांड भांडली. आमच्या ओसरीवर येऊन ती मला सांगायची, जणू मी न्यायाधीश होते. एकदा ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "फागूचं पोट भरून राहिला, माया पोटाचं का? मी कोनाले इचारू?" तो तिच्या तोंडाकडे निरखून पाहत राहिला. तिने नजर वळवली आणि मग दोघे एकामागून एक चालत घरी गेली.

पोटासाठी त्याने अखेर दुपारचे काम धरले. पाळीची डागडुजी चालू होती. मातीची एक टोपली वर टाकली की मुकादम एक चिंचोका देई आणि संध्याकाळी चिंचोके मोजून घेई. ज्या गोष्टीपासून पळून तो पाण्यावर आला होता तिथेच तो परत आला होता, त्याच तलावाच्या काठी. चिंचोके तो धोतराच्या सोग्यात बांधी आणि काही वाटेत सांडत. मुकादम दरडावून आकडा विचारी. डोमाजी सोगा सोडून त्याच्यापुढे धरी आणि मान खाली घालून उभा राही. त्या वेळी तो कधीच समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसे. आजोबांनी मुकादमाला समज दिली. हलके काम देऊ केले, त्याला डोमाजी नाही म्हणाला. त्यांनी मग आग्रह केला नाही.

असे जवळजवळ वर्षभर चालले. तोवर सायत्राची सासू वारली. पुढच्या उन्हाळ्यात नागरा गावाकडच्या एका विधुराने सायत्राला मागणी घातली. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात वावगे काही नव्हते. माणूस बरा होता, थोडे धानाचे रान होते आणि मुलीला सांभाळायला तयार होता. जायच्या आदल्या दिवशी ती पाळीवर आली. मी आजोबांचा डबा घेऊन तिथे गेले होते. डोमाजी टोपली उतरवून कंबर धरून उभा होता. तिने पदर सारखा केला, वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि सासऱ्याला मारावी तशी हाक मारून म्हणाली, "मामाजी, आता वाटा नोका काढू."

तो म्हणाला, "तो तुया नव्हता, बाई. त्याचा होता."

"तो नाही ना आता."

तिच्या बोलण्यात रोष नव्हता. तिने एक साधी गोष्ट सांगितली होती, आणि वर्षभर तिथल्या एकाही माणसाने ती त्याला इतक्या हळू आवाजात सांगितली नव्हती. डोमाजीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, हात मातीने भरला आहे हे लक्षात येऊन काढून घेतला आणि टोपली उचलून चालू लागला.

त्यानंतर त्याने वाटे पाडणे सोडले. ते काम दशरथकडे आले. दशरथ पाने मोजून मांडी, आणि काम चोख करी. डोमाजीचा वाटा आता रोज निघत होता आणि डोमाजी तो मुकाट्याने उचलत होता. बुढीच्या चुलीवर पुन्हा मासे शिजू लागले. मला ते पाहून बरे वाटायला हवे होते. पण रिकाम्या हाताने जाणारा डोमाजी सरळ चालायचा. वाटा घेऊन जाणारा डोमाजी एकदम म्हातारा दिसू लागला.

आमची बदली झाली ती त्याच हिवाळ्यात. सामान पुढे गेले होते आणि आम्ही खात्याच्या जीपमधून संध्याकाळी निघालो. पाळीवरून जाताना आजोबांनी ड्रायव्हरला जरा थांबायला सांगितले. वारे नव्हते, पाणी स्वच्छ होते, डोंगे परत येत होते. डोमाजी गुडघाभर पाण्यात उभा होता. डोंगा टेकला की तो पुढे होई आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला हात लावी, दंड जरासा दाबून बघी आणि नाव घेई. तो हे रोज करतो, ड्रायव्हर म्हणाला. तरुण पोरे हसत नव्हती, दंड पुढे करून उभी राहत होती. दशरथनेही केला. मग सगळे जाळी घेऊन वर वस्तीकडे गेले.

आजोबांनी या वेळी मोजले होते. "सगळे आले," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. जीप वळली तेव्हा मी मागे पाहिले. पाण्यावर कुठेच काही दिसत नव्हते. डोमाजी तिथेच उभा होता, हात अर्धा पुढे केलेला.